मोडलं तर हाक मार

आमच्या ऑफिसात कुणाला खऱ्या नावानं हाक मारायची पद्धत नाही. मला सगळे खडूस म्हणतात, तेही तोंडावर. त्यामुळे नव्या बाई पहिल्या दिवशी स्टीलची पाण्याची बाटली आणि दोरीला अडकवलेला चष्मा घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या, तेव्हा संध्याकाळपर्यंत त्यांची लॅबताई झालेली होती. रक्त तपासणाऱ्या एका लॅबच्या काउंटरवर त्यांची अर्धी हयात गेली होती. "उपाशीपोटी या, पाणी चालेल" हे म्हणून म्हणून त्यांच्या आवाजाला एक ठरलेली चाल लागली होती. साधं पेन मागायचं तरी त्याच चालीत.

मग लॅबनं वेळ देण्याचं काम फोनवरच्या ॲपकडे सोपवलं आणि काउंटर उठला. ताईंचा नवरा बस चालवतो. तो म्हणाला म्हणे, पुष्कळ केलंस, आता घरी बस. ताई बसल्या नाहीत. ज्या ॲपनं माझी खुर्ची खाल्ली ते आतून असतं तरी कसं ते बघायचंय, असं त्यांनी मुलाखतीत आमच्या मॅडमना सरळ सांगितलं. मॅडमना ते उत्तर फार आवडलं. मला नाही आवडलं, कारण शिकवायचं काम माझ्याच गळ्यात पडणार हे मला तिथेच दिसत होतं.

आम्ही दवाखान्यांसाठी ॲप बनवतो. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं लिहीत बसायला नको म्हणून आमचा एक प्लॅटफॉर्म आहे. त्यात भाग तयार असतात: एक पेशंटला वेळ देतो, एक मेसेज पाठवतो, एक आलेलं उत्तर वाचतो. ते जोडायचे, मध्ये आपले नियम लिहायचे, की झालं ॲप. हे शिकायला आमच्याकडे पुस्तक वगैरे नाही. एक सॅम्पल ॲप आहे. नमुन्याचा दवाखाना, त्यात नमुन्याचे पेशंट आणि नमुन्याची औषधं. नव्या माणसाला त्याची एक कॉपी द्यायची आणि सांगायचं, रोज एक गोष्ट बदल, काय मोडतं ते बघ, मग नीट कर. ही पद्धत मास्तरची. सॅम्पलही त्यानंच बनवलेलं.

मास्तर म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना माणूस. आम्ही सगळे त्याच्या हाताखाली शिकलो आणि त्याची टिंगलही आम्हीच केली. लग्न केलं नव्हतं, आईजवळ राहायचा. मागच्या वर्षी एका सकाळी ऑफिसला येताना बसस्टॉपवर कोसळला आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपला. ताई बसल्या ती खुर्ची त्याची. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं आणि माझी सांगायची तयारी नव्हती.

तो गेल्यापासून सॅम्पल मी एकदाही उघडलं नव्हतं. लोकांना वाटायचं मला आता त्याची गरज राहिली नाही. खरं कारण साधं होतं, मला भीती वाटायची. कोड लिहिताना मध्ये मध्ये माणसांसाठी टिपा लिहून ठेवता येतात. मशीन त्या वाचत नाही, फक्त पुढचा माणूस वाचतो. शहाणी माणसं त्यात दोन शब्द लिहितात. मास्तर गप्पा मारायचा. त्या टिपांमध्ये तो जसाच्या तसा बसलेला होता, आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी त्याचं एकच वाक्य असायचं: मोडलं तर हाक मार.

ताईंना वाचताना ओठ हलवायची सवय, आणि ओठ हलले की आवाज बाहेर यायचाच. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या कानाशी मास्तर बोलायला लागला, तोही लॅबच्या चालीत.

"'इथे हात लावलास? बरं केलंस. आता घाबरून मागे बघू नकोस, खाली बघ. शेवटची ओळ लाल झाली असेल.'" ताईंनी खाली पाहिलं. "अहो, खरंच झालीय."

मी म्हटलं, मनात वाचा. त्यांनी प्रयत्न केला, जमलं नाही. एकदा फार लांबलचक नियम वाचून त्यांनी चष्मा काढला, रुमालाची घडी केली, काचा पुसल्या, चष्मा घातला आणि पुढची टीप वाचली: "'पुसलास चष्मा? आता परत पहिल्यापासून वाच.'" त्या हसल्या. मग हसू अर्ध्यावर राहिलं आणि त्यांनी हळूच खुर्चीमागे पाहिलं. मी समजावलं, की त्या जागी येऊन प्रत्येकजण डोळे चोळतो नाहीतर चष्मा पुसतो, मास्तरनं आमच्यावरूनच ते लिहिलंय. बोलणं शहाणपणाचं होतं. अंगावर काटा मात्र माझ्याही आला होता.

त्या दिवशी मी त्यांना सांगितलं, हे लिहिणारा माणूस कोण होता आणि ही खुर्ची कुणाची. ताई पटकन उठून उभ्या राहिल्या. मग खुर्चीची पाठ रुमालानं पुसली आणि परत बसल्या. म्हणाल्या, त्यांची हरकत दिसत नाही.

मेसेजचा धडा आला आणि घोटाळा झाला. सॅम्पलमध्ये एक बटण आहे, आम्ही त्याला कोरडं बटण म्हणतो. ते दाबलेलं असलं की मेसेज बाहेर जात नाहीत, नुसते एका पेटीत जमा होतात. मास्तर गेल्यावर सर्व्हर सांभाळणाऱ्यानं मूळ सॅम्पलचं बटण दाबून ठेवलं होतं. पण ताईंची कॉपी ताईंची होती, आणि धड्यात मास्तरची टीप होती: हे फिरवून बघ, जग बुडत नाही. ताईंनी फिरवलं. नमुन्याच्या पेशंटांचे नंबर खोटेच असतात. सगळ्यांपुढे लाल फुली आली. पहिल्या ओळीपुढे हिरवी खूण आली आणि थोड्या वेळानं एक उत्तर.

"खडूसदादा," ताई स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाल्या, "नमुन्याचे पेशंट उत्तरं देतात का?"

मी म्हटलं, नाही देत.

"हिनं दिलंय."

बाकीच्या ओळींत पेशंट दोन, पेशंट तीन अशी नावं होती. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, आई. तिला गेलेला मेसेज असा होता: "आई, गोळी घेतलीस का? घेतली असेल तर १ पाठव." खाली उत्तर होतं: १.

तो नंबर मला पाठ होता. मास्तर कोसळला त्या सकाळी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभं राहून मीच तो लावला होता.

सगळं मग एका दमात लक्षात आलं. मास्तरला सॅम्पल बनवताना एक खरा फोन हवा होता, उत्तर देणारा. आमच्या धंद्यात हे सगळेच करतात, घरातल्या कुणाचा तरी नंबर टाकतात आणि काम झालं की काढतात. त्यानं आईचा टाकला आणि काढलाच नाही, कारण त्याचा उपयोग व्हायला लागला. आईची ब्लडप्रेशरची गोळी नाश्त्यानंतरची, आणि तेव्हा हा ऑफिसात. सॅम्पल रोज सकाळी तिला विचारायचं. उत्तर आलं नाही तर थोड्या वेळानं परत विचारायचं. तरीही नाही आलं तर तिसरा मेसेज जायचा, दोनच शब्दांचा: "मी निघालो." आणि मास्तर खरोखर निघायचा. भर मीटिंगमधून उठायचा. विचारलं तर म्हणायचा, सॅम्पलनं बोलावलंय. आम्हाला तो विनोद वाटायचा आणि आम्ही वर्षानुवर्षं त्याला हसलो.

नव्या माणसाला कॉपी देताना तो पहिल्या ओळीतला नंबर स्वतः पुसून द्यायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं. ताई त्याच्यानंतर आलेल्या पहिल्या.

आम्ही जुने मेसेज उघडले. तो गेला त्या सकाळचाही होता. मेसेज नेहमीच्या वेळेला गेलेला, १ नेहमीच्या वेळेला आलेला. तेव्हा मास्तर स्ट्रेचरवर होता. त्याच्या माघारी सॅम्पलनं आईला विचारलं होतं आणि आईनं त्याला कळवलं होतं, की घेतली. मला ते बघवेना. मी चहा आणायला म्हणून उठलो आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो.

मॅडमना सांगणं भाग होतं. त्यांनी कपाळाला हात लावला. त्या बाईवर काय गुदरलं असेल, असं म्हणाल्या, आणि हुकूम दिला की नंबर आत्ताच्या आत्ता पुसा. चुकीचं काही नव्हतं. मी मान डोलावली. ताईंनी नाही डोलावली.

"सांगून बंद करू," त्या म्हणाल्या. "आमचा काउंटर उठला तेव्हा पेशंटांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारी माणसं उपाशीपोटी यायची आणि शटरपुढे उभी राहायची. एकदा सुरू झालंय ना ते, तर आता गुपचूप बंद करून तिचा मुलगा दुसऱ्यांदा नेऊ नका."

शनिवारी सुट्टी होती. शनिवारी मी आणि ताई जाऊन मास्तरच्या आईला, म्हणजे आजींना, समक्ष सांगू, माफी मागू आणि मग बंद करू, असं ठरलं. तोवर मेसेज जात राहिला. रोज सकाळी ताई लॅपटॉप उघडून बसायच्या, पहिल्या ओळीपुढे १ आला की मोठा श्वास सोडायच्या आणि मग कामाला लागायच्या. माझंही तेच चाललं होतं, फक्त मी तिरक्या नजरेनं बघायचो.

शुक्रवारी १ आला नाही.

आधी वाटलं, उशीर होत असेल. दुसरा मेसेज गेला: "आई, अजून उत्तर नाही." पुढे काय येणार ते दोघांनाही माहीत होतं. ताई फोन लावत राहिल्या. वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. मी म्हटलं कोरडं बटण दाबा, तिसरा तरी जाऊ देऊ नका. त्यांचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. थांबवला काय आणि पाठवला काय, तिकडे काही झालं असेल तर जायचं तर होतंच. मग पडद्यावर तो आपोआप आला. "मी निघालो." पुढे हिरवी खूण.

"चला," ताई म्हणाल्या. "निघालो म्हटलंय आपण."

रिक्षात बसलो. मास्तरच्या आईला आम्हीच मारलं, या विचारापलीकडे डोकं जात नव्हतं. ताई मात्र सगळा रस्ता बाटली मांडीवर धरून ताठ बसल्या होत्या. इमारत जुनी, जिना अरुंद, मास्तरचं घर वरच्या मजल्यावर. मी धापा टाकत मागे राहिलो. ताईंनी बेल वाजवायला हात उचलला आणि दार आधीच उघडलं.

आजी उभ्या होत्या. धडधाकट. घडीचे कपडे, केस नीट विंचरलेले. दाराला लागून जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून ठेवलेली, म्हणजे त्या तिथेच बसून होत्या. त्यांनी ताईंकडे पाहिलं नाही. त्यांची नजर ताईंच्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे गेली. तिथे मी होतो. माझं तोंड दिसेपर्यंत त्या माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होत्या, तसं माझ्याकडे कधी कुणी बघितलेलं नाही. मग मी उजेडात आलो आणि त्यांचे डोळे साधे झाले.

"तू होय," त्या मला म्हणाल्या. "ये."

टेबलावर दोन कप चहा होता, वर बश्या झाकलेल्या. तिसरी बशी उघडी होती, तिच्यात गोळी. फोन कपाच्या शेजारीच होता. माझ्या जिवात जीव आला आणि त्याच्या पाठोपाठ मला संताप आला. फोन का उचलला नाही, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"उचलला असता तर आलात कशाला असता?" आजी म्हणाल्या.

ताईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि सांगायला सुरुवात केली. सॅम्पल म्हणजे काय, कॉपी कशी केली, बटण कसं फिरवलं, नंबर कसा राहून गेला. काउंटरच्या चालीत नाही, हळू. माफी मागितली. आजींनी सगळं ऐकून घेतलं, एकीकडे एक कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, की मशीन आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. याच टेबलावर बसून त्यानं ते बनवलं, त्या भाजी निवडत होत्या आणि तो दर मिनिटाला म्हणत होता, आई, आता १ पाठव, आता नको पाठवू. मधल्या महिन्यांत मेसेज नव्हता तरी गोळी त्या घड्याळ बघून घेतच होत्या. परवा अचानक फोन वाजला, त्याच्या नावानं.

"तो नाही हे कळत होतं हो मला. मी वेडी नाही," त्या म्हणाल्या. "पण मशीन निघालो म्हणालं, की तो यायचा. एकदाही चुकला नाही. म्हटलं, एकदा बघू."

चहा निवला होता. ताईंनी बशीतली गोळी त्यांच्यापुढे केली आणि विचारलं, घेऊन नुसतं उत्तर पाठवलं नसतं तरी चाललं असतं ना? न घेता कशाला राहिलात?

आजींना प्रश्नच विचित्र वाटला. "घेतली असताना घेतली नाही असं त्याला भासवायचं?" त्या म्हणाल्या. "त्याच्याशी खोटं नाही बोलले मी कधी."

त्यांनी आमच्यासमोर गोळी घेतली. आम्ही उठलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की आता बंद करणार ना. विचारलं असं, जणू उत्तर ठाऊकच आहे. मी हो म्हणायला तोंड उघडलं. ताई आधी बोलल्या. उद्या सकाळपर्यंत थांबा, म्हणाल्या.

परतताना मी त्यांच्यावर खेकसलो. चालू ठेवलं तर ही बाई मुलाला बोलवायला गोळ्या चुकवणार, एक दिवस खरंच जिवावर बेतेल. ताई म्हणाल्या, कळतं मला. बंद केलं तरी ती दारातच बसणार, फक्त आपल्याला दिसणार नाही.

दुपारभर त्या सॅम्पलला भिडल्या. मी शेजारी बसून होतो, पण त्यांनी मला हात लावू दिला नाही. उत्तर वाचणारा भाग त्यांनी उघडला. तिथे नियम सोपा आहे, १ आला की प्रश्न मिटला. त्याच्या खाली मास्तरची टीप होती. ताईंनी ती वाचली, आणि पहिल्यांदाच मनातल्या मनात वाचली. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. लिहिलं होतं: "सध्या एकच उत्तर पुरे. दुसरं कधी लागलं तर इथे जोड. मोडलं तर हाक मार."

त्यांनी जोडलं. दोनदा मोडलं. दुसऱ्यांदा मोडलं तेव्हा आमच्यापैकी कुणीही हाक मारली नाही, तरी आम्ही दोघंही क्षणभर थांबलो, एखाद्याच्या उत्तरासाठी थांबावं तसे. मग ताईंनी एक विसरलेला कंस शोधला आणि ते चाललं. मॅडमनी येऊन पाहिलं, बराच वेळ उभ्या राहिल्या आणि काही न बोलता आपल्या केबिनमध्ये गेल्या. ती परवानगी होती असं आम्ही धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींना मेसेज गेला तो असा: "आई, गोळी घेतलीस का? घेतली असेल तर १ पाठव. घेतली असेल आणि तरी कुणी यायला हवं असेल तर २ पाठव." तिसऱ्या मेसेजची सूचना ज्या नंबरवर जाते, तिथे अजून मास्तरचा नंबर होता. तो पुसून ताईंनी स्वतःचा घातला. पुसताना म्हणाल्या, रागावू नका हं. मला नाही म्हणाल्या त्या.

ताईंना आता कुणी नवीन म्हणत नाही. दोन दवाखान्यांची कामं त्या एकट्या बघतात, नव्या माणसांना सॅम्पल त्याच शिकवतात, आणि कॉपी देताना पहिली ओळ आधी स्वतःच्या हातानं पुसतात. हे त्यांनी मोठ्या अक्षरात सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवलंय. ताईंची ती पहिली कॉपी मात्र चालू आहे. बहुतेक सकाळी १ येतो. एखाद्या सकाळी २ येतो, मग ताई बाटली उचलतात आणि मीटिंग असली तरी उठतात. कुणी विचारलं तर म्हणतात, सॅम्पलनं बोलावलंय. आता कुणी हसत नाही.

कधी कधी मीही जातो. चहा होतो, गप्पा होतात, आजी माझी चेष्टाही करतात. त्या गोळी कधी चुकवत नाहीत. फक्त दार उघडतं तेव्हा, दर वेळी, त्यांची नजर आधी ताईंच्या खांद्यावरून जिन्याकडे जाते. ताई तेवढा वेळ दारातच थांबतात, वाटेतून जरा बाजूला सरकतात, आणि त्यांचं बघून झालं की आत जातात.